नऊ ते चारचा भाव

पहाटे साडेपाच

दिवसाचं पहिलं काम म्हणजे चारही गन काढून आत टॉर्च मारायचा. वरच्या गोलात सात जागा, खाली डीसीची दोन मोठी भोकं. सगळं कोरडं आणि स्वच्छ पाहिजे. मशीनवर गन ठेवायची जी खोबण असते ती कुंभारमाशीला फार आवडते. गाडी लागली की खोबण तासभर उघडी राहते, तेवढ्यात ती ओल्या मातीचा गोळा आणून चिकटवते. परत ठेवलेल्या गनला ती माती लागली की पुढच्या गाडीला मशीन नुसतंच एरर दाखवत बसतं आणि माणूस गाडीच्या कंपनीला शिव्या घालतो. दात घासायचा जुना ब्रश मी त्यासाठीच खिळ्याला टांगून ठेवलाय.

पुण्याहून साताऱ्याकडे येताना खंबाटकी घाट उतरलात की सुरूर फाट्याच्या अलीकडे आमचं हॉटेल. मिसळ, थालीपीठ, चहा हा मूळ धंदा. कडेला पत्र्याच्या शेडखाली दोन मशीन उभी आहेत. एक ६० किलोवॅटचं, एक १२० किलोवॅटचं, दोन्हींना दोन-दोन गन. मशीन कंपनीची, जागा आमची. विकल्या गेलेल्या युनिटमागे ठरलेले पैसे आम्हाला मिळतात, आणि गाड्यांची भांडणं सोडवण्याचे मिळत नाहीत. भावाचा बोर्ड कंपनीचा आहे: सकाळी नऊ ते दुपारी चार १८ रुपये युनिट, बाकी वेळी २२ रुपये. खाली बारीक अक्षरात ‘अधिक जीएसटी’. 

आज मे महिन्यातला शनिवार. शाळांना सुट्ट्या, आणि अर्धं पुणे महाबळेश्वरला निघालेलं. मिसळीचा कट नेहमीच्या दीडपट करायला सांगितलाय.

साडेसहा

पहिली गाडी टॅक्सी. हिरव्या पाटीवर पिवळी अक्षरं असली की धंद्याची गाडी, पांढरी असली की घरची. एवढं लांबून दिसलं तरी गिऱ्हाईक कसं वागणार याचा निम्मा अंदाज येतो. टॅक्सीवाला घाईत असतो पण शिस्तीत असतो. भाव त्याला तोंडपाठ. लागेल तेवढंच घेतो, ऐंशी टक्क्यांच्या पुढे कधी रेंगाळत नाही, कारण त्याच्या वेळेला पैसे पडतात.

त्याची अडचण वेगळी. ॲपमधले पैसे शेठचे, ओटीपी शेठच्या फोनवर, आणि शेठ झोपलेले. “दादा, उचलतील आता,” म्हणत तो पुन्हा पुन्हा फोन लावत होता. शेवटी मी मशीनवरचा क्यूआर कोड दाखवला. त्यानं स्वतःच्या खिशातले तीनशे रुपये भरले. जीएसटी धरून साडेअकरा युनिट आली. आधीचे चाळीस टक्के होतेच, कऱ्हाड आरामात गाठेल. शेठकडून हे तीनशे कधी सुटतील ते त्याचं त्याला माहीत.

ॲपचा हा त्रास सगळ्यांनाच आहे. प्रत्येक कंपनीचं ॲप वेगळं, पाकीट वेगळं. फोनवर पाच-सहा ॲपं, दोनशे रुपये इकडे अडकलेले, तीनशे तिकडे. खुद्द महावितरणचंसुद्धा पॉवरअप नावाचं वेगळं ॲप आहे. पेट्रोल पंपावर कुणी कधी विचारलं नसेल की तुमच्याकडे आमच्या पंपाचं पाकीट आहे का.

आठ चाळीस

मला धास्ती असते ती या वीस मिनिटांची.

शेडखाली चार गाड्या उभ्या आहेत, चारहींचे दरवाजे उघडे, मुलं बाहेर, आणि एकाही गाडीला गन लावलेली नाही. सगळे नऊ वाजायची वाट बघतायत. नऊला भाव उतरतो. ४५ युनिटच्या बॅटरीची नेक्सॉन वीस टक्क्यांवरून ऐंशीवर न्यायची तर २७ युनिटं लागतात. आत्ता लावली तर २५ रुपये ९६ पैशांनी जवळपास सातशे रुपये, नऊनंतर लावली तर २१ रुपये २४ पैशांनी पावणेसहाशेच्या आत. म्हणजे सव्वाशे रुपयांचा फरक. वीस मिनिटं थांबून सव्वाशे वाचत असतील तर कोण नाही थांबणार? मीही थांबलो असतो. फक्त शेडच्या बाहेर थांबलो असतो.

तेवढ्यात पाचवी गाडी आली. एक बाई एकट्याच, मागे वयस्कर आई. बॅटरी नऊ टक्के.

“दादा, गन रिकामी आहे ना?”

“गन रिकामी आहे ताई. जागा रिकामी नाही.”

मी पहिल्या गाडीच्या काकांकडे गेलो. म्हटलं, काका, लावणार असाल तर आत्ता लावा, नाहीतर गाडी मागं घ्या, यांना लावू द्या. काका म्हणाले, “मी आधी आलोय.” हे खरं होतं. आपल्याकडे आधी येण्याला फार मान आहे. गिरणीत डबा ठेवून लोक भाजी आणायला जातात आणि नंबर कुणी मोडत नाही. पण डबा जात्यावर ठेवून कुणी जात नाही, रांगेत ठेवून जातं. काकांनी गाडी जात्यावर ठेवली होती. हे त्यांना समजावून सांगायला गाडी मागं घ्यायला लागला असता त्याच्या दुप्पट वेळ गेला. घेतली शेवटी. ताईंनी सव्वाशे रुपये जास्त देऊन लगेच लावली आणि पहिलं काय विचारलं, तर बाथरूम कुठे आहे. बायका भाव नंतर विचारतात, बाथरूम आधी. ज्यांना महामार्गावर मशीन टाकायचंय त्यांनी हे लिहून ठेवावं.

नऊ ते चारचा हा भाव आमच्या कंपनीच्या डोक्यातून आलेला नाही. केंद्रीय ऊर्जा मंत्रालयानं सप्टेंबर २०२४ मध्ये चार्जिंग स्टेशनसाठी मार्गदर्शक तत्त्वं काढली. त्यात नऊ ते चार हे सौर तास धरले आहेत. त्या वेळात वीज कंपनीनं स्टेशनला सरासरी पुरवठा खर्चाच्या ०.७ पट दरानं वीज द्यावी, बाकी वेळी १.३ पट दरानं, असं त्यात सुचवलंय आणि मुदत आहे मार्च २०२८ अखेरपर्यंत. प्रत्यक्ष दर राज्याचा वीज नियामक आयोग ठरवतो, ते वेगळं. हेतू चांगलाच आहे. दुपारी सौरऊर्जा भरपूर असते, ती तेव्हाच गाड्यांत जावी. संध्याकाळी घराघरांत दिवे, पंखे, एसी लागतात, तेव्हा गाड्यांनी अंग काढून घ्यावं. फक्त हा हेतू दिल्लीहून निघून सुरूर फाट्याला पोचला की त्याचं रूप असं होतं: नऊच्या आधी वीस मिनिटं चारही गन रिकाम्या आणि शेड भरलेली.

दहा

सगळ्या गन चालू. मशीनचे पंखे मोठ्यानं घुमायला लागलेत, पत्रा तापलाय. हॉटेलात बसायला जागा नाही. या तासात सांगण्यासारखं काही घडलं नाही, आणि असे तास मला आवडतात.

साडेअकरा

६० च्या मशीनवर एक नेक्सॉन होती. दुसऱ्या गनवर विंडसर आली आणि मी तिला जोडून दिली. मिनिटभरात नेक्सॉनवाला तरुण हातात मोबाईल घेऊन मिसळ अर्धवट टाकून धावत आला.

“माझा स्पीड पडला! पन्नास येत होते, तीसच आले. तुम्ही काय केलंत?”

मी काही केलं नव्हतं. मशीन साठचं आहे, गन दोन. एकच गाडी असली तर सगळं तिला, दोन असल्या तर तीस-तीस. बोर्डावर ६० लिहिलेलं असतं, वाटणीचं कुणी लिहीत नाही. पैशाचं त्याचं काही नुकसान नव्हतं, कारण भाव युनिटवर आहे आणि युनिट तेवढीच लागणार. गेला तो वेळ. अर्ध्या तासाचं काम पाऊण-एक तासावर गेलं, आणि त्याचे त्याला कुणी पैसे परत देत नाही. त्याचा राग मला पटतो. म्हणून हल्ली दुसरी गाडी जोडण्याआधी पहिल्या माणसाला सांगतो, “साहेब, शेजारी गाडी लावतोय, स्पीड अर्धा होईल, तुम्हाला किती टक्के लागणार?” आधी सांगितलं की दहातले नऊ जण “लावा लावा” म्हणतात. आज आवाजाच्या गडबडीत तो आत होता, सापडला नाही. विंडसरवाल्या वहिनीच त्याला म्हणाल्या, “तुझं साठ टक्के झालं की मला सांग, मग तू काढून निघ, मी सावकाश घेते. आम्हाला वाईलाच जायचंय.” भांडण तिथंच मिटलं.

याच्या उलट प्रकार १२० च्या मशीनवर. तिथं एक टियागो लागलेली. टियागोची बॅटरी लहान, तिला पंचवीस किलोवॅटच्या आसपासच ओढता येतं. १२० चं मशीन तिच्यासाठी वाया. मागं महिंद्राची बीई सिक्स ताटकळलेली, ७९ युनिटची बॅटरी, मिळेल तेवढं पिणारी. टियागो साठच्या मशीनवर गेली असती तरी तिला एक मिनिट जास्त लागलं नसतं. पण हे त्या माणसाला कुठून कळावं? गाडी विकताना शोरूममध्ये रंग सांगतात, कर्ज सांगतात, तुमची गाडी जास्तीत जास्त किती किलोवॅट घेते हे कुणी सांगत नाही. आणि सत्र मोडून दुसऱ्या मशीनवर जायचं म्हणजे पुन्हा ॲप, पुन्हा पैसे अडकणार. मी त्यांना म्हटलं, राहू द्या, पण पुढच्या वेळी लहान मशीनवर लावा. बीई सिक्सवाल्या साहेबांना दुसरी गन दिली. गाडीच्या किमतीमुळे त्यांना आधी नंबर मिळेल अशी त्यांची समजूत दिसली. तसं काही नाही.

एक

दिवसाचं मुख्य भांडण आता. मी त्याची वाट बघत नाही, पण ते येतंच.

साठच्या मशीनवरची एक गाडी ब्याण्णव टक्क्यांवर आहे आणि मालक बेपत्ता. रांगेत तीन गाड्या. ऐंशीनंतर बॅटरी हात आखडते. गाडीतली यंत्रणाच प्रवाह कमी करत नेते, पेशींना इजा होऊ नये म्हणून. वीस ते ऐंशीला जेवढा वेळ लागतो तेवढाच कधीकधी शेवटच्या वीस टक्क्यांना लागतो. स्क्रीनवर आकडा बघितला तर नऊ किलोवॅट. म्हणजे साठच्या मशीनवर, रांग असताना, घरच्या चार्जरपेक्षा थोडंसं बरं. कंपनीला युनिटमागे पैसे मिळतात, म्हणजे या वेळात कंपनीलाही फारसं काही मिळत नाही, मलाही नाही. मागच्या तिघांचा जीव मात्र जातो.

गाडीवर फोन नंबर नाही. गन गाडीत लॉक असते, मालकानं गाडी उघडल्याशिवाय ती निघत नाही, आणि निघत असती तरी दुसऱ्याच्या गाडीची गन मी काढत नाही, कुणाला काढू देत नाही. हॉटेलच्या माईकवर गाडीचा नंबर पुकारला. दोनदा. शेवटी वेटरनं येऊन सांगितलं, मागच्या झाडाखाली बाजेवर एक साहेब झोपलेत, त्यांचीच असेल.

त्यांचीच होती. डोळे चोळत आले. “शंभर होऊ द्या की, पैसे देतोय ना मी.”

त्यांचंही सगळं चूक नाही. शंभर टक्के कशाला, हे त्यांना कुणी सांगितलेलं नाही. उलट गाडीच्या पुस्तकात अधूनमधून शंभर टक्के करा असं लिहिलेलं असतं. टाटाच्या गाड्यांत एलएफपी जातीची बॅटरी असते, तिचा टक्क्यांचा हिशोब नीट राहायला तसं करावं लागतं. पण ते घरी, रात्री, सावकाश चार्जरवर. महामार्गावर, सुट्टीच्या दुपारी नव्हे. आणि त्यांना जायचं होतं महाबळेश्वरला, पंचेचाळीस किलोमीटरवर.

“साहेब, वर निघालात म्हणून ठीक,” मी म्हटलं. “पण परत येताना वरच्या हॉटेलात शंभर करून पसरणी घाट उतरू नका. उताराला गाडी ब्रेकमधून वीज परत भरते. बॅटरी भरलेली असली तर भरायला जागाच नसते, आणि मग गाडी पहिल्यासारखी धरत नाही, सगळा भार ब्रेकवर येतो.” हे ऐकून मात्र ते चटकन उठले. शिष्टाचारानं जे झालं नसतं ते घाटाच्या नावानं झालं.

खरं औषध दुसरंच आहे. टेस्लानं २०१६ च्या डिसेंबरातच आपल्या सुपरचार्जरवर नियम केला: चार्जिंग संपलं आणि गाडी काढली नाही तर मिनिटामिनिटाला दंड. ऑगस्ट २०२५ मध्ये त्यांचं भारतातलं पहिलं स्टेशन वांद्रे-कुर्ला संकुलात उघडलं, तिथला जलद चार्जिंगचा भाव २४ रुपये युनिट. या आकड्याची सगळीकडे चर्चा झाली. मला त्या आकड्यापेक्षा मिनिटाच्या दंडात जास्त रस आहे. आमच्या कंपनीला मी हे सांगून बघितलं. फोनवरची मुलगी म्हणाली, “सर, सजेशन नोट केलंय.” अजून नोटच आहे.

कंपनीची भीती मला कळते. मिनिटाचा दंड लावला तर गिऱ्हाईक पुढच्या स्टेशनला जाईल. पण पुढच्या स्टेशनलाही असाच एक साहेब बाजेवर झोपलेला असतो.

अडीच

ऊन मी म्हणतंय आणि सावली एकाच ठिकाणी आहे, आमच्या शेडखाली. त्यामुळे आता पेट्रोलच्या गाड्या. “पाचच मिनिटं, लहान बाळ आहे.” बाळ खरोखर असतं. मी त्यांना चिंचेखाली पाठवतो. एकजण म्हणाला, बोर्ड कुठंय? बोर्ड त्याच्या बोनेटच्या मागं होता.

एक इलेक्ट्रिक स्कूटरवाला मुलगाही येऊन गेला. त्याच्या प्लगचं आणि आमच्या गनचं काही जमत नाही. त्याला स्वयंपाकघराच्या मागचं पॉईंट दिलं. त्याचे पैसे आम्ही घेत नाही, तो चहा घेतो.

तीन पंचवीस

लाईट गेली.

पंखे थांबले तशी शेडमध्ये एकदम शांतता, आणि मग एकाच वेळी चार तोंडं माझ्याकडे. “जनरेटर लावा ना!” हॉटेलचा जनरेटर मिक्सर, फ्रीज आणि दिवे ओढतो. त्याच्यावर ही मशीन लावली तर तो पहिल्या मिनिटाला मान टाकेल. वायरमनला फोन केला, म्हणाला भुईंजकडे फॉल्ट आहे, येतेच आहे. येतेच आहे म्हणजे किती, ते या खात्यात कुणी सांगत नाही.

लोक शांत होते, तीन चाळीसपर्यंत. मग एका गृहस्थांनी बोर्ड पुन्हा वाचला.

“म्हणजे चारनंतर आली तर बावीसनं?”

आली चार वाजून पाच मिनिटांनी. मशीन चालू झाली, पण आधीची सत्रं संपलेली होती. वापरलेल्या युनिटांचे पैसे कापून बाकीचे पाकिटात परत. नवीन सत्र सुरू करायचं तर नवीन भाव, कारण मशीन घड्याळ बघतं, माणसाची वेळ बघत नाही. चौघेही तीनच्या आसपास लागले होते, चौघांनाही अठराच्या भावात ऐंशी टक्के मिळायला हवे होते. लाईट गेली यात त्यांचा दोष नाही, माझा नाही, आणि कंपनीचाही नाही. पण युनिटमागे पावणेपाच रुपये कुणाच्या तरी खिशातून जाणार होते, आणि कंपनीनं ते त्यांच्या खिशातून काढले.

मी हेल्पलाईनला फोन लावला. स्पीकरवर ठेवला, म्हणजे सगळ्यांना ऐकू जावं. “सर, सिस्टीममध्ये रेट ऑटोमॅटिक आहे.” गृहस्थ बँकेतले होते, निवृत्त. त्यांनी फोन हातात घेतला आणि फार सभ्यपणे विचारलं, “तुमचं मशीन माझ्याबरोबर तीन वाजता व्यवहार करायला बसलं. मध्येच ते उठून गेलं. परत आल्यावर भाव त्याचा का, माझा का नाही?” पलीकडून उत्तर आलं नाही. तक्रारीचा क्रमांक आला.

माझं म्हणणं तेच आहे जे त्या गृहस्थांचं. भाव सत्राच्या सुरुवातीला ठरला असेल आणि खंड वीजपुरवठ्यामुळे पडला असेल, तर त्या गाडीला तोच भाव लागला पाहिजे. हे यंत्रात बसवणं अवघड नाही. कुठलं सत्र का तुटलं याची नोंद मशीन ठेवतंच. गिऱ्हाईकानं थांबवलं, लाल बटण दाबलं गेलं की वीज गेली, सगळं कंपनीला दिसतं.

लाल बटणावरून आठवलं. ते आणीबाणीसाठी आहे. धूर, ठिणगी, जळका वास. चार्जिंग थांबवायला ते नाही. त्यासाठी ॲपमध्ये बटण आहे. एकदा दाबलं की ते पिळून वर काढेपर्यंत मशीन बंद, शेजारच्याचीही गाडी बंद. आणि ते नेमकं पाच वर्षांच्या मुलाच्या हाताला येईल अशा उंचीवर बसवलंय.

सहा

गर्दी ओसरली. बँकेतले गृहस्थ अजून होते. चहा पिता पिता त्यांनी पावती तपासायला घेतली.

“मशीन म्हणतं सव्वीस युनिटं, गाडी म्हणते चोवीस वाढली. दोन कुठं गेली?”

थोडी उष्णतेत. थोडी बॅटरी थंड ठेवायला. आणि थोडी त्यांच्या सूनबाई एसी लावून गाडीत बसल्या होत्या त्यात. मीटर गनच्या तोंडाशी मोजतं, पुढं गाडी त्याचं काय करते ते गाडीचं गाडीला.

मग जीएसटी. घरच्या विजेवर जीएसटी नाही, मग इथं अठरा टक्के का? याची गंमत अशी की एप्रिल २०१८ मध्ये ऊर्जा मंत्रालयानंच खुलासा केला की गाडी चार्ज करून देणं ही वीज विकणं नव्हे, सेवा आहे. म्हणून विद्युत कायद्याखाली परवाना न घेता आमच्यासारख्या मिसळवाल्याच्या दारातही स्टेशन उभं राहू शकलं. आणि सेवा आहे म्हणूनच तिच्यावर १८ टक्के जीएसटी. गाडी घेताना पाच टक्के, मशीनवर पाच टक्के आणि त्यात वीज भरायची तर अठरा. गृहस्थ म्हणाले, “एका हातानं द्यायचं आणि दुसऱ्या हातानं घ्यायचं.” त्यांनी आयुष्यभर बँकेत हेच पाहिलं असणार.

एवढं सगळं धरून किलोमीटरला खर्च किती येतो? जीएसटीसह संध्याकाळचा भाव २६ रुपये धरा, महामार्गावर युनिटला साडेसहा किलोमीटर धरा, चार रुपये. पेट्रोल शंभरीच्या पुढे आणि गाडी लिटरला पंधरा किलोमीटर देणारी असेल तर सात. म्हणजे बाहेर चार्ज करूनही फायदा आहे, पण ‘एक रुपयात किलोमीटर’ हे जे लोक सांगत फिरतात ते घरच्या मीटरचं, त्यातही स्वस्त दराच्या वेगळ्या मीटरचं गणित आहे. ते इथल्या बोर्डाखाली उभं राहून करू नये, मनस्ताप होतो.

आणि २२ रुपये ऐकून आम्ही लुटतो असं ज्यांना वाटतं त्यांच्यासाठी: एवढ्या लोडसाठी वेगळी डीपी बसवावी लागते. मंगळवारी दुपारी चार गाड्या येवोत की चाळीस, डीपी, मशीन, नेटचं सिमकार्ड आणि देखभाल यांचा खर्च तेवढाच. आजच्यासारखे शनिवार महिन्यात चार असतात.

साडेआठ

वरून उतरणाऱ्या गाड्या. यांचं वागणं वेगळं असतं, एक तर पोट भरलेलं आणि दुसरं म्हणजे घाटानं दिलेले टक्के गाठीला असतात. पाचगणीहून वाईला येईपर्यंत बॅटरी कमी व्हायच्या ऐवजी थोडी वाढते, हे नव्या माणसाला खरं वाटत नाही. एकजण मला मोबाईलवरचा फोटो दाखवत होता: वरती ४१, खाली ४४. त्याला पुण्यापर्यंत चार्जिंगची तशी गरजच नव्हती. पण आलाच आहे तर घेतो म्हणाला. रांग नव्हती, मीही घ्या म्हटलं. रांग नसेल तर शंभर करा, झोपा, गाणी ऐका, माझी काही हरकत नाही.

एक कुटुंब सामान काढून शेडमध्येच जेवायला बसलं. सतरंजी १२० च्या केबलवर. केबल मनगटाएवढी जाड, त्यावर पाय ठेवू नये, गाडी घालू नये आणि सतरंजीही घालू नये. सांगितलं, उठले. आजींनी मला बेसनाचा लाडू दिला.

साडेदहा

हॉटेल बंद होतंय, मशीन रात्रभर चालू राहतात. शेडचा दिवा आणि बाथरूमचा दिवा चालू ठेवायचा, ही रात्रीच्या वॉचमनकाकांना पहिली सूचना. दुसरी, नंबरची वही. रांग लागली की गाडीचा नंबर, फोन आणि किती टक्के हवेत ते लिहून घ्यायचं. ही वही कंपनीच्या कुठल्याही ॲपमध्ये नाही आणि दिवसभरातली निम्मी भांडणं तिच्यामुळे होत नाहीत.

दिवसभरात जेवढे वाद झाले ते सगळे भावाच्या बोर्डापाशी जातात. बोर्डावर विजेला भाव आहे, जागेला नाही. वीज आमच्याकडे भरपूर आहे. चार गन, चार जागा, हीच टंचाईची गोष्ट आहे आणि तीच फुकट ठेवलीय. कंपनीनं तीन गोष्टी कराव्यात. भाव जीएसटीसकट मोठ्या अक्षरात लिहावा. रांग असताना ऐंशी टक्क्यांनंतर आणि चार्जिंग संपल्यावर दहा मिनिटांची सवड देऊन मिनिटावर पैसे लावावेत. आणि वीज गेल्यानं तुटलेलं सत्र जुन्याच भावानं पुरं करावं.

त्या होतील तेव्हा होतील. तोवर गाडी लावून जेवायला जाताना काचेआड एका कागदावर तुमचा फोन नंबर आणि किती टक्क्यांना गाडी काढणार तो आकडा, एवढं लिहून ठेवा. कागद आणि पेन नसेल तर गल्ल्यावर मागा, आम्ही देतो.